क्रेडिट क्रायसिसमध्ये शेअर फंड 40 टक्के पडलाय, इकॉनॉमी सावरेपर्यंत पैसे काढून ठेवू का?

तुम्ही म्हणताय आत्ता बाहेर पडायचं आणि चित्र सुधारलं की परत शिरायचं. खरी फसगत होते ती या परत शिरण्यातच.

2008 चं बघा ना. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा शेअर इंडेक्स एस अँड पी 500 ऑक्टोबर 2007 च्या टॉपपासून 9 मार्च 2009 पर्यंत जवळजवळ 57 टक्के पडला, आणि त्या मार्च महिन्यात तिथे सात लाखांवर नोकऱ्या गेल्या होत्या, म्हणजे बातम्या वाचून कोणी पैसे लावलेच नसते. मंदी संपली जूनमध्ये, बेकारी 10 टक्क्यांवर गेली ती तर ऑक्टोबरमध्ये, आणि तोपर्यंत इंडेक्स तळापासून 50 टक्क्यांहून वर आला होता. मी तेव्हा दर शुक्रवारी माझ्या फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, वहीत लिहायचो. आकडे वर सरकताना दिसत होते तरी दर महिन्याची बंद केलेली रक्कम मी डिसेंबरपर्यंत चालू केली नाही, बेकारी कमी होऊ दे मग बघू म्हणत राहिलो. ती वही अजून आहे, ते नऊ महिने बघितले की आजही जीव जळतो.

दुसरं म्हणजे अशा काळात चांगल्या कंपन्याही का पडतात? बँका एकमेकांना उधार द्यायच्या थांबतात, लोक फंडातून पैसे मागतात, मग मॅनेजरला जे विकलं जातंय ते विकावं लागतं, आणि विकलं जातं ते चांगलंच. हे शेअर नंतर उठतात. पण बँका-फायनान्सवाले सगळे उठतीलच असं नाही. 2008 मध्ये लेहमन ही मोठी अमेरिकन बँक बुडाली, काही बँकांनी पडलेल्या भावात नवे शेअर काढले, त्यामुळे जुन्या शेअरहोल्डरचा हिस्साच लहान झाला. त्यामुळे आधी तुमच्या फंडाची फॅक्टशीट, म्हणजे पैसे कुठे लावलेत ते सांगणारं पत्रक, काढा आणि टॉप टेन शेअरमध्ये फायनान्स किती आहे ते बघा. निम्मा फंड त्यातच असेल तर दुसऱ्या फंडात जायचा विचार जरूर करा, पण शेअरमध्येच रहा.

आणि हो, वेळ लागतो. 57 टक्के पडलेलं भरून यायला 130 टक्क्यांच्या वर चढावं लागतं, एस अँड पीला जुना टॉप गाठायला मार्च 2013 उजाडला. म्हणून जी रक्कम दोन-तीन वर्षांत लागणारच आहे, फी असो की घराचा हप्ता, तेवढी तोटा सोसून आजच काढा. बाकीची राहू द्या.