वंशभेद आणि विषमतेचा सार्वजनिक आरोग्यावर होणारा परिणाम कसा कमी करता येईल? भारतात हा प्रश्न लागू होतो का?

लागू होतो. तुम्ही पुढे असंही विचारलंय की, 'यात मोठा वाटा लोकांच्या अज्ञानाचाच नाही का?' ते वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. मी सोलापूरची. सेटलमेंटमध्ये वाढले, जातीने कैकाडी, आणि नोकरी नर्सची.

अमेरिकेत २०२१ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ काळ्या माता दगावल्या, गोऱ्या २६.६. पदवीधर काळ्या बायकांतही हा फरक मिटत नाही. त्यांना काय दवाखान्यात कधी जायचं ते कळत नव्हतं? आपल्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात आलंय की दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी १४.६ वर्षं आधी मरते. आम्ही भटके-विमुक्त तर अशा आकडेवारीत बहुतेक वेळा वेगळे मोजलेही जात नाही.

सेटलमेंट म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आमच्यासारख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे इथे तारेच्या कुंपणात ठेवल्या. रोज हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचं. १९५२ साली कायदा रद्द झाला, म्हणून आम्ही 'विमुक्त'. पण आजही शहरात पत्ता सांगितला की समोरच्याचा हात पाकिटाकडे जातो.

माझी वहिनी बाळंतपणासाठी एका दवाखान्यात होती. नाव लिहीत नाही. केसपेपरवर पत्ता लिहिताना बाईंनी मान वर करून बघितलं, तेवढंच. रात्री वॉर्डात आयाबाई शेजारच्या खाटेवाल्यांना सांगून गेली, "पिशव्या उशाशी घ्या गं." वहिनीने ऐकलं. सकाळी कुणाचा तरी मोबाईल सापडेना. वॉर्डात कितीतरी माणसं, कितीतरी पिशव्या, पण वॉचमन सरळ आमच्या खाटेपाशी आला. बाळाची दुपटी, आईने दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा, वहिनीचे कपडे, सगळं सगळ्यांसमोर फरशीवर काढलं. तिला टाके पडलेले, नीट बसताही येत नव्हतं, तरी उठून उभं राहायला लावलं. मी ड्यूटीवरून पोचले तेव्हा ती बाळ छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मोबाईल सापडला की नाही ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. दुपारी ती 'स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाते' म्हणून अंगठा देऊन निघाली. तिला सही येते. पण त्या कागदावर तिने सही केली नाही.

घरी टाक्यांत पू झाला, ताप फणफणला. त्या दवाखान्यात परत जायला ती तयार होईना. शेवटी खाजगीत नेलं, व्याजाने पैसे काढून. पुढे बाळाच्या लसीलासुद्धा ती दवाखान्याची पायरी चढली नाही. मी उचलून न्यायचे. आता तिच्या नावापुढे नोंद काय झाली असेल? 'समजावूनही लसीकरणास नकार.' म्हणजे अज्ञान. आमच्या मीटिंगांत हे शब्द मी ऐकते आणि माझं डोकं उठतं. त्या वॉर्डात कमी होती ती माणुसकीची.

आता दादाबद्दल. या प्रसंगानंतर तो मलाच बोलला, "तुला पत्ता खरा सांगायची काय गरज होती?" वर्षभरात त्याने वस्तीपासून दूर, शहराच्या जुळे सोलापूर भागात भाड्याने घर घेतलं. पोरांना सांगून ठेवलंय, आजी कुठं राहते ते शाळेत बोलायचं नाही. आमचं भांडण अजून चालू आहे. तो म्हणतो, लेकरं सुटली ना. मी म्हणते, आपल्यातला चार बुकं शिकलेला प्रत्येक जण असाच निघून गेला तर मागे राहिलेल्या बाईच्या बाजूने वॉर्डात उभं कोण राहणार? शिकून, वस्ती सोडून सुटका होत असती तर त्या अमेरिकेतल्या पदवीधर बायका वाचल्या असत्या. दादा, तू हे वाचशील म्हणूनही लिहितेय.

तुमच्या 'कसा कमी करता येईल'चं उत्तर माझ्यापुरतं असं. वॉर्डातली झडती बंद. ज्याचं सामान हरवलं त्याने पोलिसांत जावं, खाटेवरच्या बाईला हात लावायचा नाही. अर्धवट उपचार सोडून जाणाऱ्या प्रत्येकीला 'का चाललीस' हे विचारून लिहून ठेवलं पाहिजे, आणि विचारणारी बाई त्या वॉर्डातली नको. वस्तीतल्या पोरींना नर्सिंगला घ्या. मी ड्यूटीवर असते तेव्हा आमच्या बायका दोन तास लवकर येतात, हे मी रोज बघते.

आणि कागदं. दवाखान्यात बाळंतपण केल्यावर मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे पैसे आपल्या राज्यात अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना मिळतात. कैकाडी विदर्भातल्या ठरावीक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, इथे विमुक्त जातीत. म्हणजे अमरावतीच्या कैकाडी बाईला जातीच्या दाखल्यावर मिळणारे पैसे सोलापूरच्या बाईला दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तरच. शहरात रक्कम ६०० रुपये. थोडीच आहे, पण बाळंतिणीच्या आठवड्याच्या दूध-भाजीची सोय होते. विमुक्त जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. पालावर जन्मलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? सेटलमेंटवाल्यांची निदान हजेरीची दप्तरं तरी होती.

सगळे दवाखाने असेच, असं मी म्हणत नाही; मी त्यातच नोकरी करते. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरने वहिनीच्या बाळाचे उरलेले डोस घरी येऊन दिले, जात ना पात. आणि सगळंच वागणुकीवर ढकलता येत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत जुलाब होणारच, दिवसभर बिडीच्या तंबाखूत बसणाऱ्या बाईला खोकला होणारच. तिथे पाणी आणि मजुरीच लागते.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर हे वाचून सरकारी दवाखाना टाळू नका. बाळंतपण, औषधं, रक्त, गाडी सगळं तिथे फुकट आहे, २०११ पासून. सोबत धीट बाई ठेवा, आणि कुणी वाकडं बोललं तर त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आम्ही ती दिली नव्हती, कारण दादा नको म्हणाला.