तुळशीचा पाला काळा का पडला, अन् अहवालातला आकडा कसा वाचायचा

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): सप्टेंबरात तुळस कापली. वाळता वाळता पाला काळपट झाला. प्रयोगशाळेच्या अहवालात डीपीपीएच चाचणीचा ‘आयसी-५०’ आमचा १८०, शेजाऱ्याचा ९५. आमचा आकडा जवळपास दुप्पट असूनही व्यापारी भाव कमी देतो. असं का?

उत्तर: दादा, ही चाचणी मालाची ऑक्सिडीकरण रोखायची ताकद मोजते, अन् त्यात आकडा जितका लहान तितका माल कसदार. डीपीपीएच या रसायनाचं द्रावण जांभळं असतं, अर्क घातला की रंग फिका पडतो. त्यातले निम्मे मुक्त मूलक (ऑक्सिडीकरण घडवणारे अस्थिर कण) निष्प्रभ करायला दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम अर्क लागला, ते हा आकडा सांगतो. तुमचा जास्त लागला. पण आधी दोन्ही अर्क एकाच द्रावकात काढले होते का, ते अहवालात पाहा. पाण्यातला काढा अन् ७० टक्के अल्कोहोलमधला अर्क यांची तुलना होत नाही. तुळशीतलं युजेनॉल, म्हणजे तिच्या वासाचं तेल, पाण्यात फारसं उतरत नाही.

द्रावक एकच असेल, तर दोष बहुधा वाळवणीतला. ओल्या पाल्याचा ढीग तापतो, पानं चुरगळतात अन् त्यातलं विकर (एन्झाइम) रोझमॅरिनिक आम्लासारख्या फिनॉल घटकांचं, म्हणजे ज्यांच्यावर हा कस अवलंबून त्यांचंच, ऑक्सिडीकरण करतं. काळा रंग त्याचाच. उन्हात टाकला तर युजेनॉल उडतं, ते वेगळंच. एकदा गेलेला कस अर्क कसाही काढला तरी परत येत नाही.

पुढच्या कापणीला पीक फुलोऱ्यात असताना, दव सुकल्यावर, जमिनीपासून १५ सेंटीमीटर ठेवून कापा. पावसाची झड असेल तर थांबा. पाला त्याच दिवशी बांबूच्या तट्ट्यावर सावलीत पसरा. थर दोन-तीन बोटांहून जाड नको, दिवसातून दोनदा हलका परता. ड्रायर असेल तर ४०-४५ अंशांवर. टिनाच्या शेडमध्ये वारा खेळत नसेल तर ती सावली कामाची नाही, आत भट्टी होते. पान बोटात चुरलं की कडकड मोडलं पाहिजे. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. पाच किलो ओल्यातून साधारण एक किलो उतरतो. त्याहून बराच जास्त भरला तर ओल राहिली समजा, बारदानात बुरशी येईल.

नमुना वरच्या एकाच पोत्यातून काढू नका. प्रत्येक पोत्यातून मूठभर घेऊन मिसळा, त्यातला पाव किलो हवाबंद पाकिटात द्या. अन् अहवाल चांगला आला तरी पाकिटावर ‘मधुमेह बरा होतो’ वगैरे छापू नका. ही चाचणी काचेच्या नळीतली आहे, माणसावरची नाही, शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात अशा दाव्यांना मनाई आहे.