“इझंट इट” सगळीकडे चालत नाही

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. क्वेश्चन टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न, विचारला की कुठेही “इझंट इट” लिहून मोकळी होते. “आय ॲम लेट”ला तर “ॲमंट आय” लिहून आली. घरी सराव कसा करून घ्यावा?
– एक पालक, फोंडा

उत्तर : मूळ वाक्यात “इज” असेल आणि कर्त्याच्या जागी “इट” बसत असेल, तरच “इझंट इट”. टॅग लिहिण्याआधी तिला सहायक क्रियापदाभोवती (“इज”, “हॅज”, “विल” वगैरे) गोल काढायला लावा. वाक्य होकारार्थी तर टॅग नकारार्थी, आणि उलट. गोल काढायला काही सापडलंच नाही, तर काळ बघून “डू”, “डझ” किंवा “डिड”. “द फेरी लेफ्ट रायबंदर ॲट सिक्स” यात सहायक नाही, “लेफ्ट” भूतकाळी. म्हणून “डिडंट इट”. टॅगमध्ये सर्वनामच हवं, “डिडंट द फेरी” नको. आधीचा स्वल्पविराम मुलं हमखास विसरतात.

खरी गोची “ही'ज”पाशी होते. “ही'ज वेटिंग” म्हणजे “इज”, टॅग “इझंट ही”. “ही'ज मिस्ड द बस” म्हणजे “हॅज”, टॅग “हॅझंट ही”. आखूड रूप आधी पूर्ण लिहून काढायची सवय लावा. “हॅव टू” असेल तर मात्र “हॅव”ला गोल नाही: “वी हॅव टू गो, डोंट वी?”

दुसरा सापळा छुप्या नकाराचा. “नेव्हर”, “हार्डली”, “सेल्डम”, “फ्यू”, “लिटल” असले की वाक्य नकारार्थीच धरायचं: “इट हार्डली रेन्स इन मार्च, डझ इट?” पण “अ फ्यू” आणि “अ लिटल” होकारार्थी! त्या एका “अ”वर टॅग उलटतो. “नोबडी”त दोन गोष्टी एकदम येतात, होकारार्थी टॅग आणि “दे”: “नोबडी कॉल्ड, डिड दे?” “एव्हरीबडी”लाही “दे”च, फक्त टॅग नकारार्थी.

“आय डोंट थिंक ही इज ॲट होम” याचा टॅग “इज ही”. इथे “आय डोंट थिंक” सोडून पुढच्या वाक्याकडे बघायचं, नकार मात्र त्यालाच लागू धरायचा. हुशार मुलंही इथे चुकतात.

“ॲमंट” प्रमाण इंग्रजीत चालत नाही, “आय ॲम लेट, आरंट आय?” हेच बरोबर. पण “आय ॲम नॉट लेट”ला सरळ “ॲम आय”. “लेट्स”ला “शॅल वी”, आज्ञार्थी वाक्याला बहुतेक वेळा “विल यू”. एवढी दोन पाठच करून टाकायची.