मन पार पिळवटून टाकणारी किशोर कादंबरी कोणती वाचावी?

थेट सांगतो, पॅट्रिक नेसची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) घ्या. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कॅन्सरने आजारी आहे. रात्री १२:०७ ला खिडकीशी राक्षस येतो, आणि सकाळी कॉनर बघतो तर खोलीभर ‘यू’ (yew) या सदाहरित झाडाची बोचरी पानं! पण मला रडवलं ते राक्षसाने नाही; आई उठायच्या आत हा पोरगा स्वतःचा नाश्ता करून घेतो, कपडे धुवायला टाकतो, त्याने. मूळ कल्पना शिवोन डाउड या लेखिकेची, तीही कॅन्सरनेच २००७ मध्ये गेली. चित्रं जिम के यांची, म्हणून किंडलपेक्षा छापील प्रतच बरी.

हिच्यानंतर मार्कस झुसाकची ‘द बुक थीफ’: नाझी जर्मनी, आणि निवेदक खुद्द मृत्यू. कोण मरणार हे तो आधीच सांगून टाकतो, तरी रडू चुकत नाही. सुरुवातीची पन्नासेक पानं मात्र नेटाने काढा. मराठीत हवी असेल तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. ती रडवत नाही, नुसती हुरहूर लावते.

इंग्रजीतल्या दोन्ही मी स्वतः वाचल्यात. फक्त घरात कुणी गंभीर आजारी असेल तर पहिली सध्या राहू द्या.