सिग्नलला काटा चढतो, हायवेला उतरतो: रेडिएटर बदलण्याआधी फॅनचं अर्थिंग बघा

तुमच्या जुन्या मारुती झेनची लक्षणं वाचली आणि पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. सिग्नलला थांबलं की टेम्परेचरचा काटा वर, हायवेला लागलं की खाली, एसी लावला की आणखी लवकर वर. फॅन फिरताना दिसतो, म्हणून मेकॅनिक रेडिएटर बदला म्हणतोय. माझीही झेनच होती, कार्ब्युरेटरवाली. तो खर्च करण्याआधी एवढं वाचा.

कूलंटची पातळी, होज, रेडिएटरचं झाकण हे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही.

काटा हायवेला खाली येतो हीच मोठी खूण आहे. वेगात समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, फॅनची गरज जवळजवळ नसते. रेडिएटर आतून चोक असता तर इंजिनावर जोर येतो तिथे, म्हणजे भरल्या गाडीने घाट चढताना किंवा हायवेला ताणताना काटा आधी चढला असता. तुमचं उलट होतंय. म्हणजे उभ्या गाडीला वारा कमी पडतोय, आणि तो देणं फॅनचं काम आहे.

माझ्या वेळी एका बऱ्यापैकी मोठ्या वर्कशॉपने आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) बदलला, मग रेडिएटर, आणि तरी काटा चढतो म्हटल्यावर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) खर्चाचा अंदाज हातात ठेवला. दरवेळी मी फॅनबद्दल विचारायचो आणि दरवेळी एकच उत्तर, ‘फॅन ओके आहे, चेक केलाय.’ कसा चेक केला? कपलर (वायरींच्या जोडाचा प्लग) काढला, बॅटरीवरून दोन वायरी आणून मोटरला लावल्या, फॅन झोकात फिरला. पण त्या टेस्टमध्ये मोटरला प्लस बॅटरीचा आणि मायनसही बॅटरीचा मिळतो. गाडीचं स्वतःचं अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारा करंटचा परतीचा रस्ता, त्यात येतच नाही. दोष नेमका तिथे असेल तर ही टेस्ट दर वेळी ‘ओके’च सांगणार. मला आजही राग याचा आहे की बिलात महाग पार्ट वाढत गेले, पण चालू फॅनवर मल्टिमीटर लावायची तसदी कुणी घेतली नाही.

शेवटी नाक्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधलं. आधीच्या मालकाने पुढच्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं. त्या वेळी फॅनच्या अर्थ वायरचं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची रिंग) रंगावरच बोल्टने आवळलं गेलं आणि नंतर पावसाळ्यात खाली गंज धरला. रंग आणि गंजामुळे मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळत नव्हतं. फॅन फिरायचा, पण ढिला. नुसतं बघून ते कळत नाही.

तर तुम्ही असं करा. इंजिन गरम करून फॅन चालू होऊ द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळा प्रोब थेट बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब मोटरच्या अर्थ वायरवर (बहुधा काळी असते) कपलरच्या मागून टेकवा. कपलर काढायचा नाही. फॅन चालू असताना आकडा शून्याच्या आसपास हवा, ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे ३ व्होल्टच्या वर होता. तेच दुसऱ्या बाजूला करा, बॅटरीचा प्लस आणि मोटरचा प्लस. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर रिलेचे (फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पॉइंट, फ्यूजचा होल्डर किंवा कपलरच्या पिना तपासा. प्लास्टिक वितळल्यासारखं किंवा पिवळं पडलं असेल तर दोष तिथेच आहे. वायर सोडवून मीटरच्या कंटिन्युइटी मोडवर बीप वाजवून पाहण्यात अर्थ नाही. एक तार शाबूत असली तरी बीप वाजतो, पण फॅनचा लोड ती एक तार घेत नाही.

दोष अर्थिंगचा निघाला तर थिंबल काढा, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. दोन्हीकडे आकडे चांगले आले आणि तरी फॅन ढिला वाटला, तर मोटरचे कार्बन (आतले ब्रश) झिजले असतील.

मीटर नसेल तर एसी बंद ठेवून, फॅन चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते ओढून चिकटलं पाहिजे. उलट ढकललं जात असेल तर कुणीतरी मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन उलटा फिरतोय. हेही मी एका नातेवाइकांच्या गाडीत पाहिलंय.

आता एक गोष्ट ठामपणे सांगतो. कुणी ‘फॅन डायरेक्ट करून देतो’, म्हणजे चावी लावली की फॅन सतत चालू, असं म्हणालं तर नको म्हणा. इग्निशनवरून रिलेशिवाय डायरेक्ट केला की तो सगळा करंट इग्निशन स्विचमधून जातो आणि स्विच जळतो. वर थर्मोस्टॅटही काढून टाकतात, मग इंजिन कधी नीट गरमच होत नाही आणि ॲव्हरेज पडतं. अर्थिंग खराब ते खराबच राहतं. फ्यूज उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकणंही तसंच, वायर जळेल.

रेडिएटर बदललात किंवा कूलंट काढून भरलंत तर एअरलॉक नीट काढून घ्या. थर्मो स्विचभोवती (कूलंट तापलं की फॅन लावणारा स्विच) पाण्याऐवजी हवा अडकली तर इंजिन तापलं तरी स्विचला ते कळत नाही आणि फॅन लागतच नाही. लोक मग नवा स्विच आणतात.

मी मेकॅनिक नाही, माझा अनुभव कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा आहे. तुमची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली) असेल तर फॅन ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) लावतो, त्यामुळे थर्मो स्विचबद्दल लिहिलेलं तसंच्या तसं लागू होणार नाही. व्होल्टेजची टेस्ट मात्र दोन्हीकडे तीच. चालू फॅनजवळ काम करताना बाही आणि मीटरच्या वायरी पात्यांपासून लांब ठेवा, आणि गरम इंजिनावर झाकण उघडू नका.

दोन्ही आकडे इथे टाका, आणि गाडीचं पुढून कधी रंगकाम झालंय का तेही सांगा.