अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडा विभागांची किंमत कशी काढतात? कॉन्फरन्स (कॉलेजांच्या टीम ज्या गटात आपसात खेळतात तो गट) बदलली की ती किंमत खरंच बदलते का?

बदलते. एका शुक्रवारी, दुपारचं जेवण व्हायच्या आत ती बदलताना मी पाहिली आहे.

आधी हिशेब उरकते. हे विभाग विकले जात नाहीत. आयपीएलची लखनौची टीम २०२१ मध्ये ७,०९० कोटींना गेली, तसा व्यवहाराचा आकडा इथे कधीच हाती येत नाही. म्हणून याद्या करणारे वर्षाचं उत्पन्न धरतात (तिकिटं, देणग्या, जाहिराती, टीव्हीच्या पैशातला वाटा) आणि त्याला काही पटीने गुणतात. सीएनबीसीच्या डिसेंबर २०२४ च्या यादीत ओहायो स्टेट १.३२ अब्ज डॉलरवर पहिली होती. गोम टीव्हीत आहे. कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या एनसीएए या संस्थेची टीव्हीवरची मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडली. पुढे कॉन्फरन्सेस आपापले सामने एकत्र विकून पैसे सभासदांत वाटू लागल्या. बिग टेन या बड्या कॉन्फरन्सने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्यामुळे तुमची कॉन्फरन्स आधी उत्पन्नात मोजली जाते, आणि ते उत्पन्न पक्कं म्हणून पटही जास्त लागते. एकच गोष्ट दोनदा.

आता माझं. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पुलमनला गेले, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत, गव्हावर काम करायला. चार वर्षांनी माझा मावसभाऊ सिॲटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आला. या दोन युनिव्हर्सिटींचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, ॲपल कप, १९०० पासूनचा. आमच्या घरात दिवाळीच्या फराळाआधी त्याची तारीख ठरायची. माझ्या पुलमनला तो ‘गव्हाचं शेत’ म्हणायचा. ते खरंच आहे, पुलमनभोवतीच्या पलूस (Palouse) टेकड्या जुलैत सोनेरी होतात तेव्हा मला अजून नगरकडची आठवण येते.

४ ऑगस्ट २०२३, तोच शुक्रवार. लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनला जायचं आदल्या वर्षीच जाहीर केलं होतं. त्या सकाळी पॅक-१२ चे, म्हणजे माझ्या आणि भावाच्या तेव्हाच्या कॉन्फरन्सचे, उरलेले सभासद ॲपलबरोबरच्या टीव्ही करारावर एकमत करतील असं आम्ही धरून चाललो होतो. त्याऐवजी वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला गेले. संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्सला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसी या आणखी एका कॉन्फरन्सला. १९१५ पासूनच्या कॉन्फरन्समध्ये आम्ही आणि ओरेगन स्टेट, दोघंच राहिलो. जिथे वर्षाला तीन कोटी डॉलरच्या वर वाटा येत होता, तिथे पुढच्या वर्षी कोणाशी खेळायचं हाच प्रश्न.

मावसभावाचा फोन आला. म्हणाला, “ताई, बाजाराने तुमची किंमत सांगितली.”

ते वाक्य मी विसरलेले नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिलं तेच आठवलं.

१४ सप्टेंबर २०२४ ला सिॲटलच्या लुमेन फील्डवर आम्ही शेजारी बसलो, तो जांभळ्यात, मी किरमिजीत. आता त्यांची टीम बिग टेनची, आमची बेघर. आम्ही २४–१९ ने पुढे, घड्याळात फार थोडा वेळ, त्यांचा चेंडू आमच्या गोल लाईनच्या तोंडाशी आणि शेवटचं डाऊन, म्हणजे शेवटची संधी. त्यांनी चेंडू बाहेरच्या बाजूला रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे) टाकला. आमच्या पोरांनी त्याला रेषेच्या अलीकडेच पाडला. मी रडले. त्याने माझी पिशवी उचलली आणि गाडीपर्यंत काहीही बोलला नाही.

आणि त्या विजयाचं मोल किती झालं? तो सामना जिंकून देणारा क्वार्टरबॅक जॉन मटीअर त्याच हिवाळ्यात ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीला गेला. आमचे कोच डिकर्ट वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीला. पहिली एसईसी या बड्या कॉन्फरन्समध्ये, दुसरी एसीसीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या याद्या खेळाची किंमत काढतच नाहीत, पंगतीतल्या जागेची काढतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठ १९३२ पासून एसईसीच्या पंगतीत आहे. फुटबॉलमध्ये कित्येक दशकं तळाशी राहिलं तरी पानावर इतरांइतकंच पडतं. डॅलसच्या एसएमयू या युनिव्हर्सिटीने तर एसीसीला सांगितलं, नऊ वर्षं टीव्हीचे पैसे नकोत, फक्त बसू द्या. जागेची किंमत यापेक्षा उघडपणे कोणी सांगितलेली नाही. माझ्या भावाची युनिव्हर्सिटीही बिग टेनमध्ये सध्या अर्ध्याच पानावर बसली आहे.

तुम्हाला सल्ला असा: यादीतला आकडा दिसला की त्यातून टीव्हीचा वाटा वजा करा. उरतं ते तुमचं, बाकी शेजाऱ्याचं. आणि बाजाराच्या नावाने कोणी ‘किंमत कळली’ म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पुलमनमध्ये ऑरव्हिल व्होगेल यांनी बुटक्या गव्हाचे संकर केले, ते बियाणं नॉर्मन बोरलॉगकडे गेलं, त्यातून पुढे झालेले वाण साठच्या दशकात भारतात आले. आमच्या आजीने रेशनचा लाल मिलो (अमेरिकेतून आलेली ज्वारी) खाल्ला होता. तिच्या नातवंडांना गव्हाची पोळी मिळाली त्यात त्या शेताचा वाटा आहे. मावसभावानेही ती खाल्ली आहे.

त्याच्या बाजूचंही लिहायला हवं. आमचा क्रीडा विभाग कॉन्फरन्स मोडायच्या आधीही वर्षानुवर्षं तोट्यात होता, ते पाप सिॲटलच्या माथी मारता येत नाही. २०२५ चा ॲपल कप त्यांनी पुलमनमध्ये येऊन ५९–२४ ने नेला. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ या पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि पंगतीबाहेरच्यांना तेवढे आणायला जागा नाही. म्हणजे पैशाने खेळही बदलतो, हे मी मान्य करते. बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन नव्या पॅक-१२ चा आरंभ जुलै २०२६ चा ठरला. त्या पानावर किती पडेल ते टीव्हीवालेच ठरवणार.

भावाने ते वाक्य अजून मागे घेतलेलं नाही. हे उत्तर त्यालाही पाठवते आहे.