युटोपियात आणि डिस्टोपियात सत्तेचं नियंत्रण खरंच वेगळं असतं का?

युटोपियात (म्हणजे कल्पनेतल्या आदर्श राज्यात) लोक राजीखुशीने नियम पाळतात आणि डिस्टोपियात (म्हणजे कल्पनेतल्या भयाण राज्यात) धाकाने, एवढाच फरक का, असं तुम्ही विचारलंय. मला तर नियमांत फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो गोष्ट कोण सांगतंय यामुळे.

थॉमस मोरचं १५१६ चं ‘युटोपिया’ हे पुस्तक घ्या. दिवसाला सहाच तास काम, सोन्याला एवढीच किंमत की त्याची लघवीची भांडी करतात. वा! पण परगावी जायला परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय दुसऱ्यांदा सापडलात तर थेट गुलामी. गुत्ते नाहीत, चोरून भेटायला कोपरा नाही, दारांना कुलपं नाहीत. दर दहा वर्षांनी सोडत काढून घरं बदलायची. (म्हाडाच्या सोडतीत लागलेलं घर दहा वर्षांनी परत मागून बघा मुंबईत!)

रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वुई’ या डिस्टोपियन कादंबरीत घरं काचेची, आणि पडदे ओढायला कुपन. म्हणजे सोय तीच. पण मोरची गोष्ट सांगतो एक प्रवासी, ही सांगतो तिथला रहिवासी. बिल्डरचं ब्रोशर आणि त्याच टॉवरमधल्या भाडेकरूचं गाऱ्हाणं, एवढं अंतर पडतं. गंमत म्हणजे हा रहिवासीही आधी त्या काचेवर खूश असतो, वही लिहिता लिहिता बिघडतो.

धाकाचं म्हणाल तर ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (प्रकाशन १९४९) ८५ टक्के जनता ‘प्रोल्स’ (कष्टकरी वर्ग), आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन, म्हणजे पाळत ठेवणारा पडदाच नाही. पाळत असते ती कचेरीत कागद रंगवणाऱ्यांवर. नायकाचा शेजारी पार्सन्स झोपेत सत्तेविरुद्ध बरळतो आणि त्याची सात वर्षांची पोरगीच त्याला पकडून देते. कोठडीत बसून त्याला तिचं कौतुकच वाटतं! मला या कादंबरीतला सगळ्यात भयंकर प्रसंग हाच वाटतो, शेवटी नायकाला उंदरांची भीती घालून मोडतात तो नव्हे.

आपल्याकडचं हवं असेल तर बंगालच्या लेखिका बेगम रुकैयांची १९०५ ची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा वाचा. तिथे पुरुष घरात कोंडलेले, स्वयंपाक आणि पोरं सांभाळतात, म्हणून पोलिसांची गरजच उरलेली नाही. स्वप्नात तिथे पोचलेली पाहुणी सुलताना हरखून जाते. बायकांना पडद्यात ठेवायच्या चालीला मारलेला तो टोला आहे, पण त्या पुरुषांना मात्र कुणीच काही विचारत नाही. कथा छोटी आहे. बसायला जागा मिळाली तर दादर ते बोरिवलीत संपते.